‘निराधार’ कोणाला म्हणावे? : कर्करोग, अपंगत्व आणि अर्जाची भाषा – एक समीक्षा

सारांश

कर्करोगाविषयीचे मराठी कथन बहुधा निदान, शस्त्रक्रिया आणि मृत्यू या तीन टप्प्यांभोवती फिरते. बरा न होणारा कर्करोग घेऊन काही महिने वा वर्षे जगणाऱ्या माणसाच्या पैशाचा आणि कागदपत्रांचा प्रश्न त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात ‘श्वास’ (२००४) हा मराठी चित्रपट, उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही वऱ्हाडी जीवनावरील कादंबरी आणि अपंगत्व व निराधार अनुदानविषयक शासकीय शब्दयोजना यांचे एकत्र वाचन केले आहे. आपली कलात्मक कल्पना आणि आपला कायदा अपंगत्वाकडे एकाच नजरेने पाहतात आणि त्या नजरेतून वाढत्या कर्करोगाचा रुग्ण निसटतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कर्करोग, अपंगत्व, निराधार, दुर्धर आजार, वऱ्हाड, शासनव्यवहाराची भाषा.

१. प्रस्तावना

रोग हा केवळ शरीराचा विषय नसून भाषेचाही विषय आहे, हे सुसान सोंटॅग यांनी ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ (१९७८) या ग्रंथात दाखवून दिले. रोगाला चिकटलेली रूपके रुग्णाच्या यातनेत भर घालतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. मराठीतही ‘झुंज’, ‘लढा’, ‘मात’ ही रूपके कर्करोगाच्या संदर्भात सर्रास वापरली जातात. परंतु अमरावती-अकोला भागातील रुग्णाला रूपकांइतकीच दुसऱ्या एका भाषेला तोंड द्यावे लागते. ‘दुर्धर’, ‘निराधार’, ‘दिव्यांग’, ‘लाभार्थी’, ‘कायमस्वरूपी’ हे त्या भाषेतील शब्द. ही भाषा तहसील कार्यालयाच्या अर्जात असते आणि तिच्या अर्थनिर्णयावर घरातील चूल अवलंबून असते. साहित्य समीक्षेने या भाषेकडे पाठ फिरवावी असे काही कारण दिसत नाही.

२. ‘श्वास’ : मोजता येणारे दुःख

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ हा चित्रपट माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारित आहे. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो पाठविण्यात आला. कोकणातील आजोबा आपल्या नातवाला घेऊन पुण्यास येतात. परशुरामच्या डोळ्यांना कर्करोग असल्याचे निदान होते. जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार. हे नातवाला सांगायचे कसे, हा आजोबांपुढील पेच आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्याला जग दाखविण्याची त्यांची धडपड हा चित्रपटाचा गाभा आहे. रुग्ण आणि रुग्णालय यांच्यामध्ये उभी असलेली आसावरी ही समाजसेविका मराठी पडद्यावर प्रथमच एवढ्या गांभीर्याने आली, हे या कलाकृतीचे श्रेय निर्विवाद आहे.

तथापि या कथेची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. येथे कर्करोग शस्त्रक्रियेने जातो आणि अंधत्व मागे उरते. रोगाला शेवट आहे, हानीला सीमा आहे. शोकांतिका तीव्र असली तरी ती रेखीव आहे. परशुराम गावी परततो तेव्हा त्याचे अपंगत्व पूर्ण, कायमचे आणि प्रमाणित करता येण्याजोगे असते. चित्रपट आला त्या वेळी लागू असलेल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात ‘अंधत्व’ हा पहिलाच प्रकार होता. म्हणजे चित्रपटातील दुःख आणि कायद्यातील व्याख्या यांचा साचा एकच आहे : आधी रोग संपावा, मग अपंगत्व मोजावे.

प्रगत अवस्थेतील कर्करोगात हा क्रम उलटा होतो. रोग संपत नाही. हानी दर महिन्याला बदलते. आज चालणारा माणूस दोन महिन्यांनी खाटेला खिळतो, मध्येच औषधाने थोडा सावरतो, पुन्हा खचतो. या कथेला ‘श्वास’सारखा एक निर्णायक क्षण नसतो. तिच्यात अनेक फेऱ्या असतात. म्हणूनच कदाचित ती पडद्यावर येत नाही आणि म्हणूनच ती अर्जातही बसत नाही.

३. ‘धग’ : हिशेबाचे कलारूप

कलावंताने जमाखर्च का मांडावा, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. त्याचे उत्तर वऱ्हाडच्याच मातीत आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील कौतिक ही स्त्री संसाराचा गाडा एकटीने ओढते. पती महादेव याचा नाकर्तेपणा आणि पुढे त्याचे आजारपण तिच्या कष्टांवर येऊन कोसळते. या कादंबरीत मजुरी, उसनवारी आणि घरातील धान्य यांचा हिशेब पार्श्वभूमीला नाही. तोच कथानकाला पुढे ढकलतो. आजार हा एका शरीराला होतो, पण त्याची किंमत घरातील दुसऱ्या शरीराने चुकवायची असते, हे शेळके यांनी कोणतेही भाष्य न करता दाखविले.

‘धग’ला साठ वर्षे उलटून गेली. दरम्यान योजना आल्या, कार्डे आली. परंतु रुग्णासोबत रुग्णालयात थांबणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी आजही कोणत्याच रकान्यात मांडली जात नाही. कौतिकची नोंद घेणारा अर्ज अजून तयार व्हायचा आहे.

४. अर्जाचे वाचन : तीन शब्द

(अ) कायमस्वरूपी : १९९५ च्या अधिनियमात सात प्रकारचे अपंगत्व मान्य होते. त्यांत ‘कुष्ठरोगमुक्त’ असा एक प्रकार होता. ज्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले, तेथील वाचकाला या शब्दातील ‘मुक्त’ हे पद विशेष जाणवेल. रोगातून मुक्त झाल्यावरच कायदा हात देत होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकारांची संख्या एकवीस केली. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला. विदर्भात सिकलसेलचा प्रश्न किती खोल आहे, हे येथील अध्यापकांना सांगण्याची आवश्यकता नाही. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, या समावेशाने कायद्याने आपलाच जुना साचा मोडला. न संपणारा रोगही अपंगत्व ठरू शकतो, हे मान्य झाले. कर्करोग मात्र त्या यादीत नाही. ‘तो रोग आहे, अपंगत्व नव्हे’ हे कारण आता पुरेसे राहिलेले नाही.

(आ) टक्के : लक्षणीय दिव्यांगत्वासाठी किमान ४० टक्के ही मर्यादा आहे. स्वरयंत्र काढलेल्या रुग्णाचा विचार २०१६ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत वाचादोषाखाली स्पष्टपणे केला आहे. खर्रा आणि गुटख्याने ग्रासलेल्या आपल्या भागात ही तरतूद मोलाची आहे. पाय गमावलेला, दृष्टी गेलेला कर्करुग्णही संबंधित प्रकारात प्रमाणपत्र मागू शकतो. पण यकृतापर्यंत पसरलेल्या रोगाने ज्याला उभे राहणे अशक्य झाले, वेदनेने ज्याची रात्र सरत नाही, त्याचे सर्व अवयव जागच्या जागी असतात. थकवा आणि वेदना यांना अनुसूचीत स्वतंत्र स्थान नाही. परिणामी कर्करोगाने काय नेले यावर हक्क ठरतो. कर्करोग काय करीत आहे यावर तो ठरत नाही.

(इ) निराधार : महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगासारख्या दुर्धर आजारामुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्या व्यक्तीचा समावेश आहे. या दृष्टीने राज्याची योजना केंद्राच्या अधिनियमापेक्षा अधिक उदार म्हटली पाहिजे. परंतु तिची उत्पन्नमर्यादा पाहिली की हे औदार्य आकसते. दुर्धर आजाराच्या अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला अठ्ठावन्न रुपयांहूनही कमी. दिव्यांगांसाठी हीच मर्यादा ५०,००० रुपये आहे. अनुदानाची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाली. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ती २,५०० रुपये करण्यात आली. दिव्यांगांना मिळालेली वाढ सर्वथा योग्यच आहे. प्रश्न सीमारेषेचा आहे. एकाच वॉर्डातील दोन कर्करुग्णांपैकी स्वरयंत्र गमावलेला एका दरात आणि अंथरुणाला खिळलेला दुसऱ्या दरात बसतो. त्यांच्या भुकेत असा फरक असल्याचे कोणत्याही वैद्यकशास्त्राने सांगितलेले नाही.

प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका गृहस्थांच्या संदर्भात हा अनुभव जवळून आला. तोंडाचा कर्करोग मानेत पसरला होता. अडीच एकर कोरडवाहू वावर, त्यात कापूस आणि सोयाबीन. वावराच्या आधारे काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरील आकडा मर्यादेपेक्षा थोडा अधिक निघाला आणि अर्ज परत आला. कार्यालयातील कर्मचारी उद्धट नव्हते. त्यांनी नियम बरोबर वाचला होता. ते गृहस्थ परतताना एवढेच म्हणाले, “वावर हाये म्हनून मी निराधार नाही म्हनते. पन ते वावर तं गहान हाये ना बापू.” दाखल्यात उत्पन्न लिहिले जाते, कर्ज लिहिले जात नाही. ‘आधार’ या शब्दाचा अर्थ येथे सातबाऱ्यावरून ठरतो आणि ज्याच्या आधारे जगायचे तीच वस्तू हक्काच्या आड येते. ‘निराधार’ या शब्दाची याहून नेमकी समीक्षा प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेली नाही.

५. उपचार आणि चरितार्थ

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिच्यात घेतले गेले. अमरावती व अकोला त्या चौदांत आहेत. २०२३ च्या निर्णयाने संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेण्याचे ठरले. तथापि ही योजना रुग्णालयाचे देणे भागवते. बुडालेली मजुरी, सोबत्याचा मुक्काम, वावरात लावावा लागणारा गडी, मुलांचे शिक्षण हे सर्व तिच्या बाहेर राहते. उपचार विनामूल्य आणि घर कर्जबाजारी, ही विसंगती त्यातून निर्माण होते.

याउलट रेल्वेची सवलत पाहावी. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाड्याची पूर्ण सूट आणि सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुरते. टक्केवारी किंवा उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अमरावतीहून सायंकाळी निघून बडनेरा, अकोला करीत मुंबईस जाणाऱ्या गाडीत टाटा स्मारक रुग्णालयाची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत जपणारे प्रवासी नेहमी दिसतात. त्यांच्यापैकी अनेकांचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असतो. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या या संताच्या नावे प्रसिद्ध असलेल्या दशसूत्रीत आंधळे, पांगळे आणि रोगी यांचा उल्लेख एकाच सूत्रात येतो. ज्यांना बाबांनी एका ओळीत बसविले, त्यांना आपण वेगवेगळ्या रकान्यांत विभागले.

६. अन्य देशांतील विचार

इंग्लंडमध्ये २००५ च्या दुरुस्तीनंतर कर्करुग्णाला निदानाच्या क्षणापासून भेदभावविरोधी कायद्याचे संरक्षण मिळू लागले. तेथे अखेरच्या टप्प्यातील रुग्णाचा अर्ज विशेष नियमांनी लवकर निकाली काढला जातो आणि त्यासाठीची सहा महिन्यांच्या आयुर्मर्यादेची अट २०२२-२३ मध्ये बारा महिन्यांपर्यंत शिथिल करण्यात आली. अमेरिकेने २००८ मध्ये गंभीर आजारांची यादी करून अनेक प्रकारच्या कर्करोगांचे दावे त्वरित निकाली काढण्याची पद्धत सुरू केली. परंतु मंजुरीनंतरही पाच महिन्यांचा प्रतीक्षाकाळ तेथे कायम आहे. तेव्हा परदेशात सर्व सुरळीत आहे असा समज करून घेऊ नये. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट एकच : रुग्णाजवळ असलेला वेळ हासुद्धा नियमाचा निकष असू शकतो.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मराठी कलाव्यवहाराने कर्करोगाचे नाट्य पाहिले, त्याचा दैनंदिन हिशेब फारसा पाहिला नाही. ‘धग’ची परंपरा या बाबतीत पुढे गेली नाही. दोन, २०१६ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत नवा प्रकार अधिसूचनेद्वारे जोडण्याची तरतूद असल्याने प्रगत कर्करोगाचा विचार त्यात होऊ शकतो. तीन, तोपर्यंत राज्याला दुर्धर आजाराची उत्पन्नमर्यादा आणि अनुदान निदान दिव्यांगांच्या बरोबरीने आणता येईल आणि दाखल्यात कर्जाचीही नोंद घेता येईल.

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी. आपल्याच महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणारे सहकारी आहेत. ते आजारी पडले तर तासिका बुडते आणि तासिका बुडली की मानधन बुडते. तेव्हा हा प्रश्न केवळ वावरातल्या माणसाचा नाही. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात आपण अर्जलेखन शिकवितो. प्रति, विषय, महोदय, आपला विश्वासू एवढा साचा विद्यार्थी पाठ करतो. त्याच तासाला निराधार अनुदानाचा खराखुरा अर्ज वर्गात वाचला, त्यातील प्रत्येक शब्द कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो हे विचारले आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना असे अर्ज भरून देण्यास गावी पाठविले, तर भाषेच्या अध्यापनाचे प्रयोजन सिद्ध होईल. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या तरी घरी तो अर्ज आजही अर्धवट भरलेला असण्याची शक्यता आहे.