गाव ओस कोण पाडतं? 'द लॉस्ट व्हिलेजेस ऑफ इंग्लंड'चं फेरवाचन

आजचं पुस्तक इंग्रजी आहे आणि विषयही इंग्लंडमधला आहे. तरी सुरुवात आपण आपल्याच एका शब्दापासून करू. 'बेचिराख'. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर काय येतं? आग, धूर, राखेचे ढीग. बॉम्ब पडले आणि शहर बेचिराख झालं, असं आपण म्हणतो. शब्दात 'राख' दिसते खरी, पण मुळात ती तिथे नाहीच. शब्द फारसी आहे, बे-चिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराग. महसुलाच्या कागदांत हा शब्द याच साध्या अर्थाने येतो. म्हणजे गावाचं नाव आहे, शिवार आहे, शेजारच्या गावची माणसं येऊन ते कसतातही. वस्ती तेवढी नाही. पुढे 'ग'चा 'ख' झाला आणि त्या 'ख'ने आपल्या मनात आग लावून दिली.

हे नुसती गंमत म्हणून सांगत नाही. ओस पडलेलं गाव दिसलं की त्यामागे काहीतरी मोठा अनर्थ असणार, असं आपण धरूनच चालतो. आपल्याकडे विचारलं तर उत्तर मिळतं दुर्गादेवीचा दुष्काळ, नाहीतर पटकी, नाहीतर पेंढारी. इंग्लंडमध्ये विचारलं तर एकच उत्तर ठरलेलं असे: 1348-49चा प्लेग, 'ब्लॅक डेथ'. मॉरिस बेरेसफर्ड यांचं 'द लॉस्ट व्हिलेजेस ऑफ इंग्लंड' हे पुस्तक 1954 साली आलं आणि त्याने या ठरलेल्या उत्तराला धक्का दिला. त्यासाठी या पुस्तकाचं ऋण मानायलाच हवं. पण त्याच्याबद्दल आमची एक तक्रारही आहे. दोन्हींबद्दल बोलू.

आधी जमिनीवर काय दिसतं ते पाहू. इंग्लंडच्या मिडलँड्स भागात, यॉर्कशरमध्ये, एखाद्या कुरणात मेंढ्या चरत असतात. गवताखाली जमीन सपाट नसते. एक लांब खोलगट पट्टा दिसतो. तो शेकडो वर्षं पायांनी आणि गाड्यांनी झिजलेला गावातला रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी उंचवटे. ती घरांची जोती. प्रत्येक जोत्यामागे परड्याची हद्द सांगणारा बुटका बांध. कुठे कोरडं पडलेलं मासळीचं तळं, कुठे माळावर एकटंच उभं असलेलं चर्च. आणि या सगळ्याभोवती शेताचे लांबच लांब वरंबे, टोकाशी जरा वळलेले, कारण आठ-आठ बैलांचा नांगर वळवायला आधीपासून वाकावं लागे. भर दुपारी यातलं फारसं काही कळत नाही. उन्हं उतरली, सावल्या लांबल्या की अख्खं गाव गवतातून वर येतं. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत तर गल्ल्यासुद्धा मोजता येतात.

बेरेसफर्ड पुरातत्त्वाचे नव्हते, आर्थिक इतिहासाचे. जुने शेतनकाशे आणि प्रत्यक्ष वरंबे जुळतात का, हे ते तपासत होते. फिरताना त्यांना असे उंचवटे भेटले, जे शेताच्या नकाशात बसेनात. मग त्यांनी कागद काढले. 1086ची डूम्सडे नोंद, 1334ची करयादी, 1377ची डोईपट्टी. एका यादीत असलेलं गाव पुढच्या यादीत नाही, म्हणजे या दोन तारखांच्या मधे काहीतरी झालं. पद्धत इतकी सरळ आहे की आज वाटतं, हे कुणाला आधी कसं सुचलं नाही? त्या काळी मोठमोठे इतिहासकारही अशी गावं अगदी क्वचित असतील असं मानत. 1971 साली बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी या विषयावर एकत्र ग्रंथ काढला, तेव्हा इंग्लंडमधल्या अशा गावांची यादी दोन हजारांच्या पुढे गेली होती.

आता प्लेगचं काय? बेरेसफर्ड यांचं उत्तर इथे भक्कम आहे. प्लेगनंतर राजाने अनेक गावांना करात सूट दिली होती, तिच्या नोंदी आहेत. सूट मिळाली याचा अर्थ गाव खिळखिळं झालं होतं. पण कर द्यायला माणसं होती असाही त्याचा अर्थ होतो. अशी बहुतेक गावं पुढे चालू राहिली. ऑक्सफर्डशरमधल्या टसमोरसारखं, प्लेगनेच संपलेलं म्हणून दाखवता येईल असं गाव विरळा. बहुसंख्य गावं दिसेनाशी झाली ती शंभर वर्षांनंतर, साधारण 1450 ते 1520 या काळात. तेव्हा धान्याला भाव नव्हता, मजूर महाग होता आणि लोकरीला गिऱ्हाईक होतं. नांगराला डझनभर कुटुंबं लागत, मेंढ्यांना एक मेंढपाळ पुरे. जमीनदाराने कुंपण घातलं, घरं पाडली, माणसं हुसकली. हे डोळ्यांनी पाहणारे लोक होते. वॉरिकचे जॉन राउस यांनी आपल्या आसपासच्या जवळपास साठ उजाड ठिकाणांची यादीच लिहून ठेवली. थॉमस मोर यांनी 'युटोपिया'त याच मेंढ्यांवरून जमीनदारांना बोल लावले. 1517 साली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

म्हणजे पुस्तकाचा मुद्दा असा: दोष रोगाचा नव्हता, माणसांचा होता. गाव 'ओस पडलं' म्हणू नका, कुणीतरी ते पाडलं. हे सांगणं मोलाचं होतं आणि आजही आहे. रोगाच्या माथी मारलं की कुणालाच जाब विचारावा लागत नाही.

आमची तक्रार यापुढची आहे. या पुस्तकात जमीनदार काहीतरी करतो, राजा काहीतरी करतो, मेंढ्यासुद्धा काहीतरी करतात. गावकऱ्यांचं मात्र फक्त 'होतं'. ते मरतात, हुसकले जातात, भटकतात. ते स्वतः काही ठरवतात असं फारसं कुठे दिसत नाही.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही, पुराव्याचीही आहे. बेरेसफर्ड 1948 साली यॉर्कशरमधल्या वॉरम पर्सी या जागी गेले. 1950 साली तिथे खणायला सुरुवात झाली, दोन वर्षांनी हर्स्ट येऊन मिळाले आणि ते उत्खनन दर उन्हाळ्यात 1990 पर्यंत चाललं. चाळीस वर्षं! तर या वॉरमबद्दल 1517च्या चौकशीत काय नोंद आहे? जमीनदाराने चार घरं आणि चार नांगर मोडले. चारच. मग बाकीची घरं कुठे गेली? जमिनीवर तर त्याच्या कितीतरी पट जोती दिसतात. उरलेली घरं आधीच, एकेक करून, रिकामी झाली होती. जमीनदाराने शेवटचा घाव घातला, पण झाड तोवर वाळत आलं होतं.

1980च्या दशकात ख्रिस्तोफर डायर यांनी पश्चिम मिडलँड्सच्या गावांवर काम करून नेमका हाच मुद्दा मांडला. गाव एका दिवशी मरत नाही. प्लेगनंतर माणसं कमी आणि जमीन मुबलक झाली. पूर्वी जमिनीला बांधलेला वेठीचा शेतकरी आता पाहू शकत होता की चार कोसांवर बरी जमीन आहे, खंड कमी आहे, मजुरी जास्त आहे. तो निघाला. मालकाच्या परवानगीशिवाय निघाला. जहागिरीच्या कचेरीत वर्षानुवर्षं हुकूम लिहिले जात राहिले की अमक्याला परत आणा, आणि तो अमका काही परत आला नाही. गवतातला तो रिकामा चौकोन मग वेगळा दिसू लागतो. तिथून कुणाला हाकललं असेल, तसं कुणी आपल्या पायांनी, गुलामीसारखं जिणं मागे टाकून, गेलंही असेल.

घरांचंही तेच झालं. वॉरमच्या पहिल्या पिढीच्या संशोधकांना एकाच जागी भिंतींचे पायावर पाये सापडले. भिंती कच्च्या. त्यांनी निष्कर्ष काढला: शेतकऱ्याचं घर म्हणजे पडकं खोपटं, दर पिढीला नवं बांधावं लागे. पुढे स्टुअर्ट राथमेल यांनी तोच पुरावा पुन्हा तपासला आणि 1989 साली वेगळंच सांगितलं. छपराचा भार भिंतींवर नव्हताच. तो लाकडाच्या वाकड्या, जोडीजोडीने उभ्या केलेल्या दणकट खांबांवर होता. भिंती नुसत्या आडोशाच्या, पडल्या की पुन्हा घालायच्या. घर मात्र उभंच. आपल्याकडच्या खणाच्या घरात भिंत ढासळली तरी खांब-तुळया घर धरून ठेवतात, हे माहीत असलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. संशोधकांनी भिंत खणली, भिंत पाहिली आणि माणसाला दरिद्री ठरवलं. त्याचं सुतारकाम जमिनीत उरलं नव्हतं, म्हणून ते कधी नव्हतंच असं धरलं.

दोन्ही चुका मुळात एकच आहेत. गावकऱ्याला घर बांधायची अक्कल होती हे जसं सुटलं, तशी त्याला गाव सोडायची अक्कल होती हेही सुटलं. अर्थात, यातली घराबद्दलची चूक वॉरमच्याच चिकाटीच्या कामामुळे दुरुस्त होऊ शकली, हे सांगायला हवं. चर्चच्या आवारातून तिथे जवळपास 700 सांगाडे मिळाले. त्यांच्या हाडांवरून आया बाळांना साधारण दीड वर्षापर्यंत अंगावर पाजत, हेसुद्धा आज सांगता येतं. करयादीत त्या आयांची नावं कधीच आली नसती.

आता जरा आपल्याकडे. आपल्या महसुली भाषेत गाव सोडण्याबद्दल फार बारकाईचे शब्द आहेत. माणूस 'परागंदा' होतो. त्याची जमीन 'गतकुळी' होते. ओस गाव पुन्हा बसवायचं तर सरकार 'कौल' देतं आणि 'इस्तावा' करतं, म्हणजे पहिली काही वर्षं सारा अगदी थोडा, मग चढत्या भाजणीने पूर्ण. का द्यावा लागे हा कौल? कारण रयत निघून जाऊ शकत होती आणि ती निघून गेली की राज्य उपाशी, हे पाटलापासून हुजुरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. गाव सोडणं ही आपत्ती होती, तशी वाटाघाटीही होती. इंग्लंडच्या अभ्यासकांना जे उशिरा दिसलं, ते आपल्या दप्तरातल्या शब्दांतच बसलेलं आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळावर सगळं ढकललं की हे शब्द मुके होतात.

खुणाही आपल्याकडे आहेतच. काळ्या शिवारात मधेच राखट-पांढुरकं टेकाड, खापरांनी भरलेलं. तिला आपण 'पांढरी' म्हणतो. एखादा उघड्यावरचा मारुती, आडवा पडलेला वीरगळ, बुजलेली विहीर. विदर्भात अशा गावाला 'रिठी' म्हणतात. ही पांढरी माती चांगलं खत म्हणून शेतात नेऊन पसरली जाते आणि गावाची उरलेली पानं अशी टोपलीटोपलीने जातात. वॉरमसारखी चाळीस वर्षं त्यांच्या वाट्याला येणार नाहीत. निदान कुठल्या गटात पांढरी आहे, एवढी नोंद तरी गावोगाव व्हायला हवी.

शेवटी, पुस्तक आज का वाचायचं? 'गाव धरणात गेलं' असं आपण सहज म्हणतो, जणू गाव आपण होऊन चालत गेलं. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. तिथे बेरेसफर्ड यांचा प्रश्न विचारायलाच हवा: कुणी उठवलं? पण कोकणातल्या एखाद्या वाडीत गणपतीला आणि शिमग्यालाच दिवा लागतो, बाकी वर्षभर कुलूप. तिथे डायर यांचा प्रश्न विचारावा लागेल: कोण, कशासाठी, काय मिळवायला गेलं? एकच प्रश्न सगळीकडे लावला तर उत्तरही ठरलेलंच येणार, प्लेगच्या उत्तरासारखं.

तेव्हा 'द लॉस्ट व्हिलेजेस' जरूर वाचा. गवतात गाव कसं वाचायचं हे शिकवणारं त्याच्यासारखं पुस्तक विरळा. फक्त वाचताना प्रत्येक रिकाम्या जोत्यापाशी थांबून स्वतःला विचारा, की इथला दिवा कुणी फुंकला, की इथलं कुणी तो हातात घेऊन दुसरीकडे गेलं?