धातुसाधितांच्या कर्त्याची विभक्ती : मराठी, इंग्रजी व ग्रीक व्याकरणांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना : वाक्यातील मुख्य क्रियापदाच्या कर्त्याची विभक्ती शालेय व्याकरणात कसोशीने शिकविली जाते. परंतु 'जाणे', 'जायला', 'जाऊ' या धातुसाधितांनाही कर्ता असतो, याकडे अध्यापनात दुर्लक्ष होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' (१८३६) व मो. के. दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) यांनी घडविलेल्या परंपरेत संस्कृत व इंग्रजी या दोन्ही साच्यांचा आधार घेतला गेला. या प्रश्नापुरते दोन्ही साचे अपुरे पडतात.

अन्य भाषांतील व्यवस्था : प्राचीन ग्रीकमध्ये धातुसाधिताचा कर्ता मुख्य क्रियापदाच्या कर्त्याहून भिन्न असेल तर तो द्वितीयेत येतो. दोन्ही कर्ते एकच असल्यास तो सहसा अध्याहृत राहतो व त्याचे विधिविशेषण प्रथमेत येते. इंग्रजीत 'आय वॉन्ट हिम टु गो' या वाक्यातील 'हिम' हे कर्मरूप आहे. तेथे नाम योजल्यास विभक्ती दिसतच नाही, ती केवळ सर्वनाम उघड करते. संस्कृतात इच्छार्थक धातूंसोबत तुमन्त येण्यासाठी दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा लागतो. भिन्नकर्तृक इच्छा मराठी 'त्याने जावे असे मला वाटते' अशा स्वतंत्र उपवाक्याने मांडते.

मराठीची व्यवस्था : 'शेतकऱ्याने वेळेवर पेरणे गरजेचे आहे' यात कर्ता तृतीयेत आहे, 'पाऊस वेळेवर पडणे गरजेचे आहे' यात प्रथमेत. हा भेद सजीव-निर्जीव असा मानता येत नाही, कारण 'मूल आजारी पडणे' यातही प्रथमाच आहे. क्रिया कर्त्याच्या इच्छेच्या अधीन आहे की नाही, यावर तो अवलंबून दिसतो. 'शेतकऱ्याचे पेरणे' यातील षष्ठी त्या रूपाचे नामत्व दाखविते, तर 'मला जाणे भाग आहे' यातील चतुर्थी कर्त्यावर आलेली निकड सांगते.

खरी अडचण सर्वनामांत आहे. 'मी अभ्यास करणे आवश्यक आहे' या वाक्यातील 'मी' विद्यार्थी प्रथमा ठरवितो. 'मी'च्या जागी तृतीय पुरुष ठेवल्यास 'त्याने अभ्यास करणे' असे होते आणि तृतीया स्पष्ट होते. 'मी, तू, आम्ही, तुम्ही' यांची प्रथमा व तृतीया आज एकरूप आहेत. जुन्या मराठीतील 'म्यां', 'त्वां' ही तृतीयेची वेगळी रूपे याची साक्ष देतात. म्हणजे इंग्रजीत नाम विभक्ती लपविते व सर्वनाम ती उघड करते. मराठीत प्रथम व द्वितीय पुरुषी सर्वनामे ती लपवितात व नाम ती उघड करते. इंग्रजी साचा येथे उलटा पडतो.

बोलीचा पुरावा : औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसह हिंगोली-परभणी परिसरात 'मी जेवायलो', 'ती जेवायली' अशी रूपे बोलली जातात. प्रमाणभाषेच्या सवयीने त्यांत 'जेवायला' हे धातुसाधित दिसते. पण ही रूपे कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात. म्हणून ती आख्यातरूपे असून कर्ता प्रथमेत आहे. 'तिला जेवायला हवे' यातील 'जेवायला' मात्र अविकारी असून कर्ता चतुर्थीत आहे. अशा विद्यार्थ्याच्या बोलीला अशुद्ध म्हणून बाजूला सारणारा अध्यापक व्याकरणाचे एक उत्तम उदाहरण गमावतो.

निष्कर्ष : धातुसाधिताच्या कर्त्याची विभक्ती रूपावरून न ठरविता 'तो' किंवा एखादे नाम ठेवून पडताळावी. पदपरिचयाच्या प्रश्नांत केवळ 'मी'ची उदाहरणे दिल्यास विद्यार्थ्याचे चुकीचे उत्तरही तर्कसंगत वाटते. तो दोष विद्यार्थ्याचा नसून उदाहरणाच्या निवडीचा आहे. मराठीची व्यवस्था मराठीच्याच वाक्यांतून शोधली गेली, तरच व्याकरण हा पाठांतराचा विषय न राहता विचाराचा होईल.