गाव कोण सांगतंय? ‘एकेनफील्ड’ आणि ‘गाव-गाडा’ शेजारी ठेवून

पेट पास झालात, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि शीर्षक सुचलंय ‘पैठण तालुक्यातील ग्रामजीवन : एक अभ्यास’. छान. पण त्याआधी एक इंग्रजी पुस्तक वाचा, आणि जरा भांडत वाचा.

रोनाल्ड ब्लाइथ यांचं ‘एकेनफील्ड’ 1969 साली आलं. विषय एकच : इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोकमधल्या खेड्यात राहणं म्हणजे नेमकं काय. ब्लाइथ स्वतः सफोकचेच. 1966-67 मध्ये ते आसपासच्या माणसांशी बोलत हिंडले आणि ज्याचं त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून मांडत गेले. शेतमजूर, लोहार, चर्चच्या घंटा वाजवणारे, नर्स, थडगी खोदणारा, सगळे त्यात आहेत.

इंग्लंडमधलं खेडं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुलाबाची वेल, टुमदार घर आणि चर्चचा मनोरा येतो. हे पुस्तक ते चित्र सुरुवातीलाच मोडतं. म्हातारा शेतमजूर लहानपणची गरिबी सांगतो. पहिल्या महायुद्धात सैन्यात जाणंसुद्धा त्या काळच्या पोरांना शेतावरच्या राबण्यातून सुटका वाटली, हे तो सांगतो तेव्हा आपण गप्प होतो. शिवाय तिथल्या अनेक मजुरांचं घर मालकाचं असायचं. काम गेलं की घरही गेलं. त्या घरांना कायद्याचं खरं संरक्षण मिळालं 1976 मध्ये, म्हणजे पुस्तक येऊन सात वर्षांनी. गुलाबाच्या वेलीमागे ही भीती होती.

इथपर्यंत पुस्तक उत्तम आहे. आता भांडण.

पहिली गोष्ट : एकेनफील्ड नावाचं गाव नकाशावर नाही. चार्सफील्ड, डेबिज आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं एकत्र आणून ते उभं केलंय. दुसरी गोष्ट : बोलणं माणसांचं असलं तरी त्याची कापणी आणि जोडणी लेखकाची आहे. सलग वाचलंत तर जाणवेल, अनेकांची वाक्यं सारख्याच लयीत चालतात. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी नेमका हाच आक्षेप घेतला. ब्लाइथ यांचा बचाव करता येतो. ते साहित्यिक होते, समाजशास्त्रज्ञ असल्याचा दावा त्यांनी केला नव्हता. पण तुम्ही पीएच.डी. करणार आहात, तुम्हाला ही सवलत नाही.

आता आपल्याकडे या. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गाव-गाडा’ 1915 सालचं. वतनदार, बलुतेदार, फिरस्ते, देणी-घेणी या सगळ्याची इतकी बारीक नोंद मराठीत क्वचितच सापडेल. माझ्या टेबलावर ते कायम असतं. तरीही विचारा : इथे बोलतंय कोण? आत्रे महसूल खात्यातले अधिकारी. त्यांच्या गाड्यात कुणबी ओढतोय आणि बाकीचे त्याच्यावर भार आहेत. बलुतं म्हणजे कुणब्याच्या खळ्यावरून जाणारा माल. भटक्या जमातींकडे ते संशयानेच बघतात. 1911 मध्ये त्यांनी ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तक लिहिलं होतं, हे माहीत असलं की त्या नजरेचं मूळ कळतं. तो काळ गुन्हेगार जमाती कायद्याचा होता.

मग 1978 मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ येतं. शब्द तोच, फक्त बघणारा बदलला. आत्रे ज्याला खर्चाच्या रकान्यात टाकतात, ते इथे घेणाऱ्याच्या बाजूने दिसतं : चोवीस तासांची वेठ आणि बदल्यात दारोदार मागून आणलेला वाटा. बाबासाहेबांनी महार वतनाचा कायदा बदलण्यासाठी मुंबई विधिमंडळात 1928 मध्ये विधेयक का मांडलं, हे ‘गाव-गाडा’ एकटं वाचून कधीच समजणार नाही. आणि पवार स्वतःलाही सोडत नाहीत. दगडू मारुती पवार ही गोष्ट दया पवारला सांगतो, म्हणजे सांगणारा आणि लिहिणारा वेगळे आहेत हे ते उघडच ठेवतात. एकेनफील्डमध्ये लेखक पडद्याआड जातो, इथे तो समोर बसलाय. पद्धत म्हणून मला ‘बलुतं’ जास्त प्रामाणिक वाटतं.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे. तीन गोष्टी बघा.

एक, उसनं गाव घेऊ नका. आत्र्यांचं गाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातलं. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाकडे होता. जहागिरी, सर्फ-ए-खास, दिवाणी मुलूख अशी जमिनीची व्यवस्थाच वेगळी होती. ‘गाव-गाडा’तलं वाक्य उचलून पैठण तालुक्याला लावलंत तर व्हायवात पहिला प्रश्न तोच येईल, आणि यायलाच हवा. मराठवाड्यातल्या दलित मुलाच्या नजरेतलं गाव हवं असेल तर प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ आधी वाचा.

दोन, पांढरी आणि काळी दोन्हीकडे जा. म्हणजे वस्तीतही आणि शेतातही. आणि पांढरीत फक्त पारावर बसू नका. पारावर जे बोलतात तेच ‘गावाचं मत’ म्हणून प्रबंधात येतं. जी वस्ती गावकुसाबाहेर होती, ज्या बायका पारापर्यंत येतच नाहीत, त्यांच्याकडे वेळ काढून गेलात का, ते लिहा. गेला नसाल तर तेही लिहा.

तीन, नाव बदललं म्हणजे माणूस लपला असं नाही. ‘गावातल्या एकमेव शिंप्याने सांगितलं’ असं लिहिलंत की अख्ख्या गावाला कळतं. तुम्ही पदवी घेऊन विद्यापीठात परत याल, त्याला तिथेच राहायचंय. रेकॉर्डिंग जपून ठेवा, पण त्याला अडचणीत आणणारं वाक्य प्रबंधात कितीही चमकत असलं तरी काढा.

‘एकेनफील्ड’ जरूर वाचा. माणसाला बोलू कसं द्यावं, हे त्याच्याकडून शिका. फक्त प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने लिहीत चला : हे कोण बोलतंय, आणि कापलं कुणी? मग तोच प्रश्न स्वतःच्या पहिल्या मुलाखतीच्या कागदावर लिहा.