एक दुवा सापडला म्हणजे साखळी सापडली का?

मागच्या महिन्यात घुग्घुसला घरी गेले होते. शेजारचे काका कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, अँजिओप्लास्टी झालेली. म्हणाले, "पोरी, कोलेस्टेरॉल कमी झालं की माणूस उदास होते म्हणते. मी गोळी बंदच करून टाकली." मोबाइलवर आलेला मजकूर दाखवला. त्यात चक्क खऱ्या संशोधनाचे दाखले होते! म्हणजे संशोधन खोटं नव्हतं, वाचन चुकलं होतं. ते कुठे चुकलं, बघू.

पहिला दाखला १९९० चा, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधला. मल्डून आणि सहकाऱ्यांनी सहा चाचण्या एकत्र केल्या. सुमारे २५ हजार माणसं, सगळे पुरुष. कोलेस्टेरॉल उतरवलेल्या गटात अपघात, आत्महत्या आणि हिंसा यांतले मृत्यू जास्त निघाले. शंका रास्तच होती. पण त्यांनी मृत्यू मोजले होते, मनःस्थिती नाही. शिवाय त्या चाचण्या आहाराच्या आणि जुन्या औषधांच्या; काकांची स्टॅटिनची गोळी त्यात नव्हतीच. २००१ मध्ये याच मल्डून यांनी जास्त चाचण्या घेऊन पुन्हा हिशेब केला. स्टॅटिनच्या चाचण्यांत तशी वाढ दिसली नाही. मजकुरात हा दुसरा निबंध गायब!

दुसरा दाखला हैदराबादच्या सीसीएमबीचा. अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने दाखवलं, की पेशीपटलातलं कोलेस्टेरॉल काढलं तर सेरोटोनिनच्या एका ग्राहीचं काम मंदावतं. काम उत्तम आहे. पण ते बैलाच्या मेंदूतल्या पटलांवर आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर झालं. जिवंत माणसाचा मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो. रक्तातलं सहसा आत शिरत नाही. त्यामुळे रक्ताचा आकडा उतरला म्हणजे मेंदूतलाही उतरला, असं धरता येत नाही.

आता उलटा प्रश्न विचारा. उदास माणसाची भूक मरते, वजन उतरतं, मग कोलेस्टेरॉलही उतरू शकतं. शिवाय हृदयविकारानंतर नैराश्य येणं तसंही नवीन नाही. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता?

तेव्हा निबंध हातात घेतला की तीन गोष्टी आधी लिहून काढा: कशावर प्रयोग झाला, नेमकं काय मोजलं, आणि नंतर कुणी तो पुन्हा तपासला का.

काकांना एवढंच म्हटलं, "मन उतरलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, पण गोळी त्यांना विचारल्याशिवाय बंद ठेवू नका." आपण निबंध अर्धवट वाचला तर फार तर सेमिनारमध्ये फजिती होते. काकांच्या बाबतीत प्रश्न हृदयाचा होता.