दानाची किंमत आणि अद्भुताची मर्यादा : ‘सेइशुन बुता यारो’ मालिका व चित्रपटाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेवरून चित्रपट काढण्याची प्रथा जपानी ॲनिमेशनसृष्टीत रूढ आहे. असे चित्रपट बहुधा मालिकेतील परिचित पात्रांना एखाद्या नव्या प्रसंगात फिरवून आणतात. मूळ आशयात त्यामुळे फारशी भर पडत नाही. १५ जून २०१९ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला ‘सेइशुन बुता यारो वा युमेमिरू शोजो नो युमे ओ मिनाई’ हा चित्रपट या प्रथेला ठळक अपवाद आहे. ‘रास्कल डझ नॉट ड्रीम ऑफ अ ड्रीमिंग गर्ल’ या इंग्रजी नावाने तो जगभर ओळखला जातो. हाजिमे कामोशिदा यांच्या कादंबरीमालेवर आधारित १३ भागांची मालिका ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या काळात प्रसारित झाली. मालिका व चित्रपट या दोहोंची निर्मिती क्लोव्हरवर्क्स या संस्थेची, तर दिग्दर्शन सोइची मासुई यांचे आहे. चित्रपट मालिकेचा केवळ उत्तरभाग न राहता तिचा अर्थ कसा पालटतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मालिकेतील अद्भुताचे स्वरूप

कथा कानागावा प्रांतातील फुजिसावा व एनोशिमा या समुद्रकाठच्या परिसरात घडते. ‘किशोरावस्थेचा विकार’ असे नाव दिलेली एक अनाकलनीय अवस्था तेथील मुलामुलींना ग्रासते. अभिनेत्री माई साकुराजिमा लोकांना दिसेनाशी होते, एका मुलीसाठी तोच दिवस पुनःपुन्हा उगवतो, तर शास्त्रात रमणारी रिओ फुताबा एकाच वेळी दोन देहांत वावरते. प्रत्येक विकाराच्या मुळाशी एखादी न बोललेली वेदना आहे. नायक साकुता आझुसागावा ती वेदना ओळखतो, ती शब्दांत यावी म्हणून झटतो आणि विकार ओसरतो. येथे अद्भुत हे मनोव्यथेचे रूपक आहे. त्याची उकल संवादाने होते, आणि बहिणीच्या, म्हणजे काएदेच्या, कथेचा अपवाद वगळता त्यासाठी कोणालाही फार मोठे मोल द्यावे लागत नाही.

एक धागा मात्र मालिकेत सुटाच राहतो. साकुताला खचलेल्या दिवसांत धीर देणारी थोरली शोको माकिनोहारा आणि त्याला पुढे भेटलेली त्याच नावाची शाळकरी मुलगी यांचे नाते काय, आणि साकुताच्या छातीवरील व्रणांचा अर्थ काय, हे प्रश्न मालिका मागे ठेवते.

चित्रपटातील पेच

चित्रपट नेमका हाच धागा हाती घेतो. धाकटी शोको गंभीर हृदयविकाराने आजारी आहे. भविष्यकाळाविषयी शाळेत दिलेला कागद तिला भरता आलेला नाही, कारण मोठे होण्याची खात्रीच तिला नाही. थोरली शोको ही तिने जगून पाहिलेल्या भविष्यातून आलेली आहे. ते भविष्य तिला लाभले ते हृदयप्रत्यारोपणामुळे, आणि ते हृदय २४ डिसेंबरच्या बर्फाळ संध्याकाळी अपघातात मरण पावलेल्या साकुताचे होते. आता साकुताला हे ठाऊक झाले आहे. तो वाचला तर शोको मरते. शोको वाचावी असे वाटत असेल, तर त्याने माईला मागे टाकून मरावयास हवे.

मालिकेचे सूत्र येथे प्रथमच निकामी ठरते. कितीही मोकळेपणाने बोलले तरी एक हृदय दोन देहांत राहू शकत नाही. मालिकेत हृदय हे भावनेचे ठिकाण होते. चित्रपटात ते रक्तामांसाचा अवयव होते. साकुता अपघाताच्या दिशेने धावतो तेव्हा माई त्याला ढकलून वाचवते आणि स्वतः प्राण गमावते. स्वतःच्या मरणाचा निर्णय केवळ स्वतःपुरता नसतो, हे सत्य चित्रपट अशा प्रकारे घटनेतूनच मांडतो. त्यासाठी त्याला भाषणाची गरज भासत नाही.

यानंतर साकुता भूतकाळात परततो, पण तेथे तो कोणालाच दिसत नाही. मालिकेच्या आरंभी माईच्या वाट्याला आलेले अदृश्यपण आता त्याच्या वाट्याला येते. ज्या दुःखावर त्याने उपाय शोधला होता, ते दुःख तो आता आतून भोगतो. ही रचनात्मक पुनरावृत्ती पाहिल्यावर मालिकेचे पहिले भागही नव्या अर्थाने वाचावे लागतात.

सामाजिक संदर्भ

हा पेच जपानी प्रेक्षकाला केवळ काल्पनिक वाटणारा नाही. त्या देशात अवयवप्रत्यारोपणाचा कायदा १९९७ मध्ये अमलात आला. त्यानुसार १५ वर्षांखालील मुलांचे अवयव मेंदूमृत्यूनंतर घेता येत नसत. जुलै २०१० पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कुटुंबाच्या संमतीने असे दान शक्य केले. तरीही इतर प्रगत देशांच्या तुलनेत तेथे अवयवदात्यांची संख्या अल्पच राहिली आहे. प्रतीक्षेत असलेल्या मुलाची आशा ही दुसऱ्या कोणाच्या तरी घरातील शोकाशी जोडलेली असते, हे वास्तव चित्रपटाने अद्भुताच्या भाषेत मांडले आहे.

मर्यादा

चित्रपट निर्दोष नाही. दोन कादंबऱ्यांचा ऐवज सुमारे दीड तासात बसविल्याने उत्तरार्धातील काळाची गुंतागुंत घाईने उलगडते. मालिका न पाहिलेला प्रेक्षक तेथे गोंधळतो. अधिक गंभीर आक्षेप शेवटासंबंधी आहे. धाकटी शोको भूतकाळ नव्याने घडविते, साकुता व माई दोघेही वाचतात आणि शोकोलाही अन्य दात्याचे हृदय मिळते. तो दाता कोण, त्याच्यामागे कोण रडले, याकडे चित्रपट पाहत नाही. ज्या किंमतीचा विचार त्याने इतक्या कठोरपणे मांडला, ती अखेरीस एका अनामिकाच्या खात्यावर टाकली जाते. बदललेल्या जगात माईने हृदयविकारग्रस्त मुलीची भूमिका केल्याचा धागा आहे. कलेमुळे दानाची भावना जागू शकते, असे त्यातून सुचते. परंतु त्यामुळे आक्षेप सौम्य होतो, नाहीसा होत नाही.

निष्कर्ष

तथापि शेवट निव्वळ सुखान्तही नाही. नव्या जगात साकुता व शोको परस्परांना अपरिचित आहेत. समुद्रकिनाऱ्यावर ती समोर येते तेव्हा त्याच्या ओठी तिचे नाव येते, आणि तीही त्याला ओळखते. घडलेच नाही असे ठरलेल्या त्यागाचे ऋण स्मृतीच्या रूपाने उरते. मालिकेने दुःख ऐकून घेण्याचे महत्त्व सांगितले. दुसऱ्याच्या कृपेने लाभलेले आयुष्य कसे जगावे, हा त्याहून अवघड प्रश्न चित्रपटाने विचारला आहे. त्याचे उत्तर अपुरे असले, तरी प्रश्नाच्या या खोलीमुळेच हा चित्रपट मूळ मालिकेला अधिक अर्थपूर्ण करतो.