‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ : एका धड्यातले राहून गेलेले गणित

बालभारतीने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग २ मध्ये ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हा धडा आहे. धड्याची सुरुवात चांगली जमली आहे. इंधन कोळसा असो वा युरेनियम, वाफ करून जनित्र फिरवायचे असते. धरणावर तेच काम पाणी करते. सौरघट मात्र या रांगेत बसत नाही. आकृत्यांच्या ओळीतून हे मुलांच्या सहज ध्यानात येते.

माझी तक्रार पुढच्या भागाबद्दल आहे. पर्यावरणाचा विचार करताना धडा कोळसा, नैसर्गिक वायू आणि अणुइंधन यांना ‘पर्यावरणस्नेही नाही’ अशा एकाच कप्प्यात टाकतो. अणुकचरा आणि अपघाताचा धोका ही दिलेली कारणे खरीच आहेत. पण कोळसा सोडायचा तो आज मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे. आयपीसीसीच्या २०१४ च्या अहवालात इंधन खणण्यापासून केंद्र मोडीत काढेपर्यंतचा हिशेब आहे. त्यातील मध्यम आकडे घेतले तर एका युनिटमागे कोळशाचे ८२० ग्रॅम, मोठ्या सौर प्रकल्पाचे ४८, अणुविजेचे १२ आणि जमिनीवरील पवनचक्कीचे ११. या कसोटीवर युरेनियमची जागा पवनचक्कीशेजारी आहे. कचऱ्याच्या कसोटीवर ती तिथे नाही. दोन कसोट्या एका विशेषणात कोंबल्या की मुले विशेषण पाठ करतात आणि कसोट्या विसरतात.

दुसरी अडचण तक्त्यांची. तिथे केंद्रांच्या क्षमता मेगावॅटमध्ये आहेत, आणि मेगावॅट म्हणजे वीज नव्हे. हा हिशेब फळ्यावर करून पाहावा. तारापूरचा तिसरा संच ५४० मेगावॅटचा. वर्षाचे तास ८७६०. संच सरासरी ८० टक्के चालला असे धरले तर सुमारे ३७८ कोटी युनिट मिळतात. तेवढ्याच क्षमतेच्या सौर प्रकल्पाला, रात्र व पावसाळा लक्षात घेऊन २० टक्के धरले, तर सुमारे ९५ कोटी. म्हणजे बरोबरीसाठी चौपट, २१६० मेगावॅट उभारावे लागतील. मेगावॅटमागे दोन हेक्टर धरल्यास ४३२० हेक्टर जमीन. आणि एवढे करूनही संध्याकाळी सातचा प्रश्न उरतोच.

आता हाच खडू अणुविजेच्या बाजूला फिरवू. तारापूरच्या १४०० मेगावॅटपैकी ३२० हे १९६९ सालच्या दोन संचांचे. ते २०२० पासून काही वर्षे बंद राहिले. तक्त्यातला आकडा मात्र तसाच. जैतापूरच्या ९९०० मेगावॅटचा करार २०१० चा. दीड दशक उलटले, बांधकाम सुरू नाही. तिथे बसवायच्या जातीची अणुभट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिल येथे २००७ मध्ये बांधायला घेतली. ती जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि ३.३ अब्ज युरोंचा अंदाज चौपटीवर गेला. उलट, धुळे जिल्ह्यात साक्रीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्येच उभा राहिला, आणि २०१७ मध्ये मध्य प्रदेशातील रेवा प्रकल्पासाठी पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला. अर्थात हा दर उन्हातल्या युनिटचा. ते रात्रीसाठी साठवायचे तर बॅटरी हवी, नाहीतर घाटघरसारखी योजना. तिथे स्वस्त वीज असताना पाणी वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडून २५० मेगावॅट मिळवतात. तो खर्च दरात मिळवल्याशिवाय तुलना पुरी होत नाही. मला स्वतःला महाराष्ट्रात येत्या दहा वर्षांपुरती सौर-पवन आणि साठवण यांचीच बाजू जड वाटते. पण त्याचे कारण वेळ आणि पैसा हे आहे. अणुवीज कोळशासारखी आहे, हे नव्हे.

हा धडा राजापूर तालुक्यातही शिकवला जातो. साखरी नाट्याला एप्रिल २०११ मध्ये जैतापूर प्रकल्पाविरोधी आंदोलनात पोलीस गोळीबार होऊन एकाचा बळी गेला. तिथल्या मुलाला धड्यातले विशेषण म्हणजे घरच्या मताला मिळालेली पावती वाटेल. तारापूरच्या कर्मचाऱ्याच्या मुलाला ती घरावरची टीका वाटेल. दोघांनाही बोलायला आकडे लागतील.

तेव्हा स्वाध्याय संपल्यावर वर्गाला एक प्रश्न जरूर घालावा: चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र बंद केले, तर जुलैतल्या ढगाळ दिवशी संध्याकाळी सात वाजता लागणारी वीज कोठून आणाल, किती वर्षांत, आणि युनिटला किती पैसे मोजून?