कादंबरीकाराचा शोक : बखर आणि अस्सल कागद

कादंबरीकाराचें आपल्या पात्रांवर प्रेम असतें काय, आणि असल्यास त्या प्रेमानें कृतीचा गुण वाढतो काय, हा प्रश्न रसिकांच्या मंडळांत वरचेवर निघतो. ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस तो अवांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु त्याचा निर्णय ज्या पुराव्यावर व्हावयाचा तो पुरावा कागदाचाच असल्यामुळें, जुन्या दप्तरांत वावरणारांस त्याची छाननी करण्याचा अधिकार रसिकांइतकाच पोंचतो. शिवाय आपल्या भाषेनें ह्या वाङ्मयप्रकाराला नांवच एका नायिकेचें दिलें आहे. बाणभट्टाची कादंबरी अपुरी राहिली. ती त्याच्या पुत्रानें पुरी केली. कथा अपुरी राहिल्यामुळें सज्जनांस होणारें दुःख पाहून आपण हें काम हातीं घेतलें, कवित्वाच्या अभिमानानें नव्हे, असें त्यानें उत्तरभागाच्या आरंभीं सांगितलें आहे. दुःख वाचकांचें सांगितलें, नायिकेविषयीं स्वतःचें नाहीं, इतकें येथें ध्यानांत ठेवावें.

चार्लस डिकन्स (१८१२–१८७०) हा ह्या प्रकरणीं उत्तम साक्षीदार होय. कारण त्याची बखरही आहे आणि अस्सल कागदही आहेत. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’च्या १८६७ सालच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत, आपण आपल्या सर्व मानसपुत्रांवर माया करणारा बाप असून डेव्हिड हा त्यांतील लाडका, अशा आशयाचें त्यानें लिहिलें. हें वाक्य उतरून घेऊन प्रश्न मिटला असें समजणारे पुष्कळ आहेत. पण कादंबरी पुरी झाली १८५० सालीं. सतरा वर्षांनीं लिहिलेला मजकूर म्हणजे बखरच. बखरकार खोटें बोलतो असें नव्हे. त्याला शेवट ठाऊक असतो, आणि शेवट ठाऊक झालेला मनुष्य मधल्या दिवसांची घालमेल विसरतो.

अस्सल कागद म्हणजे त्या त्या दिवसाचीं पत्रें आणि हस्तलिखितें. डिकन्सचा स्नेही व चरित्रकार जॉन फॉर्स्टर १८७६ सालीं वारला. त्याच्या मृत्युपत्रान्वयें डिकन्सचीं बहुतेक हस्तलिखितें लंडनमधील संग्रहालयास मिळालीं. तेंच आजचें व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियम होय. (आमच्याकडे चार ओळींची सनद मखमलींत बांधून ठेवतात आणि कादंबरीकाराचा खर्डा रद्दीवाल्यास देतात. असो.) ‘डोंबी’पासून, म्हणजे १८४६ पासून, डिकन्स दर मासिक अंकासाठीं एक टिपणाचा कागद करी. डाव्या अर्ध्या भागांत स्वतःस विचारलेले प्रश्न व त्यांचीं उत्तरें, उजवीकडे प्रकरणांची मांडणी. मुनीमाच्या कच्च्या वहीसारखे हे कागद आहेत. त्यांवर आसवांचे डाग शोधूं नयेत.

प्रथम लिट्ल नेलचें प्रकरण पाहूं. ‘ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’मधील ही पोर मारावी ही सूचना आपली, असें फॉर्स्टर म्हणतो. जानेवारी १८४१ मध्यें तिचा मृत्यु लिहितांना डिकन्सनें त्याला कळविलें कीं, हें लिहिणें असह्य आहे, जुन्या जखमा पुन्हां वाहूं लागल्या आहेत, मेरी जणूं कालच गेली. मेरी हॉगर्थ ही त्याची मेहुणी. ७ मे १८३७ रोजीं सतराव्या वर्षीं वारली. पत्र अस्सल आहे, शोकही अस्सल आहे. मग कृति? नेल गेली हें तेथें पुन्हां पुन्हां सांगितलें आहे, आणि सांगतां सांगतां गद्य छंदांत चालूं लागतें. वामनानें गद्याचा वृत्तगंधि म्हणून एक प्रकार सांगितला आहे, तो हा. तिच्या अंत्यविधीचा मजकूर पद्याच्या ओळींत मांडतां येतो हें हॉर्न नांवाच्या टीकाकारानें १८४४ मध्येंच दाखवून दिलें. वामन वृत्तगंधीला दोष म्हणत नाहीं. ह्या ठिकाणीं मी म्हणतों. माझ्या नोकरीच्या काळांत मोकळ्या तासाला हें प्रकरण मराठींत सांगून मीं मुलें रडविलीं आणि तीं रडलीं हेंच गुणाचें प्रमाण मानलें. तें चुकलें. क्रौंचवधाच्या प्रसंगीं श्लोकरूप झालेला शोक मुनीचा स्वतःचा मानूं नये, मुनि दुःखानें व्याकुळ असता तर काव्य झालेंच नसतें, असें अभिनवगुप्त ‘लोचना’ंत म्हणतो. तें मीं त्याच मुलांपैकीं कांहींना संस्कृताच्या तासाला शिकविलेंही होतें. दोन तासांचा संबंध मात्र मला लागला नाहीं.

आतां डोरा. डेव्हिडची ही अल्लड बायको जगावी कीं मरावी, हें ७ मे १८५० रोजीं ठरलें नव्हतें. डोराविषयीं अजून निश्चय नाहीं पण आज केलाच पाहिजे, असें त्यानें त्या तारखेस फॉर्स्टरला लिहिलें. (तारीख मेरीच्या मृत्यूचीच, पण एका योगायोगावर इमारत उभारूं नये.) १६ ऑगस्टला त्याला मुलगी झाली. तिचें नांव त्यानें डोरा ठेविलें. पांचव्या दिवशीं, २१ ऑगस्टला, ब्रॉडस्टेअर्सहून बायकोला लिहिलेल्या पत्रांत, डोराला मारावयाचें अजून राहिलें आहे, त्याला किती वेळ लागेल सांगवत नाहीं, असें तो कळवितो. आणि मध्येंच खुलासा करतो कीं, कॉपरफील्डमधली डोरा. बाळंतिणीला असें पत्र लिहिणारा मनुष्य निष्ठुर होता असें मला वाटत नाहीं. पोटच्या मुलीला जिचें नांव दिलें ती त्याला प्रिय नव्हती, हें कोण म्हणेल? पण त्या दिवशीं तिचा मृत्यु हें त्याचें काम होतें.

त्या कामाचें फळ सप्टेंबरच्या अंकांतील त्रेपन्नाव्या प्रकरणांत पाहावें. डोरा वरच्या खोलींत मरते. आपण तेथें नसतों. डेव्हिड खालीं बसलेला आहे, पायाशीं तिचें म्हातारें कुत्रें जिप. तें तेथेंच मरतें. आग्नेस खालीं येते आणि बोलत नाहीं. हात वर करते. नेलच्या वेळीं जें पानेंच्या पानें सांगूनही उरलें होतें, तें येथें एका हातानें झालें. माझ्या मतें लेखकाची माया दोन्हीकडे सारखीच होती. फरक इतकाच कीं डोरासाठीं त्यानें आधीं निश्चय केला.

ह्या प्रकरणांत डिकन्सच्या कन्येच्या मृत्यूचा शोक उतरला आहे असें कोणी म्हणूं लागल्यास तारखा आड येतात. प्रकरण १८५० चें. मुलगी वारली १४ एप्रिल १८५१ रोजीं, आठ महिन्यांची होण्यास दोन दिवस असतां. त्या संध्याकाळीं डिकन्स लंडनमध्यें नटांच्या साहाय्यक निधीच्या भोजनप्रसंगीं अध्यक्ष होता. बातमी आली ती फॉर्स्टरकडे. भाषण होईपर्यंत त्यानें ती दाबून ठेविली. त्या भाषणांत डिकन्स म्हणाला कीं, आजाराच्या, प्रसंगीं मृत्यूच्या शेजेपासून उठून नटाला रंगभूमीवर आपलें काम करावें लागतें. ही हकीकत फॉर्स्टरच्या चरित्रांतील आहे, म्हणजे वीसएक वर्षांनंतरची. तीही बखरच, मात्र सांगणारा त्या दिवशीं तेथें हजर होता.